ऐन गणपतीत मॉरिशस

आमच्याकडे गणपती पाळीने फिरतो. यंदा तो धाकट्या काकांकडे होता, म्हणून ऑगस्टअखेरीला आम्ही मोकळे होतो. मॉरिशस बरीच वर्षं मनात होतं, पण रिसॉर्टच्या आरामखुर्चीत पडून राहायचं आणि मधल्या दिवसांत 'नॉर्थ टूर', 'साउथ टूर' उरकायच्या, हा हनिमूनवाल्यांचा साचा आम्हाला नको होता. नवऱ्याला बस आणि ट्रामचं वेड, मला बाजारांचं. उरली आत्या. सत्तरी ओलांडली तरी तिचा पासपोर्ट कोरा होता. "गणपतीत घराबाहेर? शक्य नाही," म्हणून तिने विषय बंद केला. तिथेही मराठी लोकांकडे गणपती बसतो आणि त्याची देशभर सरकारी सुट्टी असते, हे तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच विचारलं, "स्वेटर लागेल का गं?"

लागला. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा.

रविवार : माएबूर

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत पोचवतं आणि घड्याळ दीड तास मागे जातं. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवासी फॉर्म भरायचा, परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पत्ता कागदावर छापून जवळ ठेवायचा. बाकी काही नाही.

विमान खाली यायला लागलं की बेटाची रचना वरूनच कळते. भोवती प्रवाळाचा कडा, त्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, रेघेच्या आत फिकट हिरवं उथळ पाणी, आणि किनारा संपला की ऊस. विमानतळाच्या कुंपणापर्यंत ऊस. जून ते डिसेंबर हा इथला तोडणीचा हंगाम, त्यामुळे निम्मे फड उभे आणि निम्मे मोकळे दिसत होते.

विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. बहुतेक लोक उतरल्या उतरल्या गाडीत बसून पार उत्तरेला ग्रां बे गाठतात. आम्ही पहिला मुक्काम पंधरा-वीस मिनिटांवरच्या माएबूरला ठेवला होता. हे जुनं, थोडं पेंगुळलेलं बंदराचं गाव आहे. रस्ते काटकोनात, घरं पत्र्याची किंवा सिमेंटची, आणि कितीतरी अंगणांत बांबूला लावलेल्या लाल झेंड्या. त्या हनुमानाच्या. आमच्या घरमालकीणबाईंच्या अंगणातही एक होती. त्यांचे पूर्वज बिहारकडचे. बाई आमच्याशी हिंदी बोलायच्या ती मालिका बघून शिकलेली, त्यामुळे साध्या वाक्यालाही जरा नाट्य असायचं. "चाय में दूध?" हे त्या अशा काही विचारायच्या की उत्तर देताना दडपण यावं.

आत्या श्रावण धरते आणि गणपती गेल्याशिवाय मासळीला हात लावत नाही. समुद्राकाठी येऊन हिचं जेवणाचं कसं होणार ही मला काळजी होती. पण मालकीणबाईंचंही सणाआधीचं शाकाहाराचं व्रत चालू होतं. रात्री ताटात आलं ते असं: फराटा म्हणजे पराठा, भेंडी, चायोटे नावाच्या वेलफळाची भाजी, लाल भोपळा आणि रुगाय. रुगाय म्हणजे टोमॅटो, कांदा, लसूण आणि थाइम घालून आटवलेला रस्सा. इथलं निम्मं स्वयंपाकघर त्यावर चालतं. आत्याने दोनदा मागून घेतला.

वारा रात्रभर खिडक्या वाजवत होता. हिवाळ्यात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर सलग वाहतात. मे ते सप्टेंबर जाणार असाल आणि पाण्यात डुंबायचं असेल तर मुक्काम पश्चिमेला ठेवा. पूर्वेकडची हॉटेलं या दिवसांत स्वस्त का असतात, ते तिथे गेल्यावर कळतं.

सोमवार : बाजार

माएबूरचा मोठा बाजार सोमवारी भरतो. भाजी, कपडे, टोपल्या, सुक्या मासळीचा वास, आणि एका टोकाला खाण्याच्या गाड्या. मॉरिशसला जाऊन एकच गोष्ट खायची असेल तर ती ढोल पुरी, आणि ती हॉटेलात मागवायची नाही, गाडीवरच खायची.

आमच्या गाडीवाल्याकडे कापडाने झाकलेला स्टीलचा मोठा डबा होता. तो बघायचा नाही, नुसता हात आत घालून पुऱ्या काढायचा. पुऱ्या कायम जोडीने मिळतात. एकीवर एक पसरली, मोठ्या पांढऱ्या वालांच्या आमटीचा एक चमचा, रुगायचा एक, कोथिंबिरीची चटणी, "पिमाँ?" असं न बघताच विचारून मिरचीचा ठेचा, गुंडाळी, कागद, पुढचा. सगळं मिळून चार-पाच सेकंद. पुरीत चणाडाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून भरलेली असते आणि ती हातात धरली की लोंबते इतकी मऊ. आत्याने पहिला घास चावला, थांबली आणि म्हणाली, "गूळ विसरलेली पुरणपोळी आहे ही." हे बोलून तिने ठेच्याकडे बोट दाखवलं, अजून घाल म्हणून.

ठेचा जपून घ्या. "चालेल थोडा" म्हणणाऱ्या नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याला चिंचेच्या पाण्यात बुडवलेल्या तिखट-मीठ अननसाची पिशवी हातात देण्यात आली. तीही तिखटच.

दुपारी गावाबाहेर नदीपलीकडे बिस्किटांच्या कारखान्यात गेलो. १८७० पासून एकच कुटुंब इथे कसाव्याच्या कंदाची बिस्किटं बनवतं. हा तोच कंद, ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो. कंद किसतात, पिळतात, कुटतात आणि पीठ छोट्या चौकोनी साच्यांत तापल्या तव्यावर भाजतात. बायका हातानेच उलटतात. नारळाची चव सगळ्यांत बरी. आत्याने उपासाला चालतील का याचा बराच विचार केला आणि "मैदा नाही ना? मग चालतील" असा निकाल दिला. कारखाना शनिवार-रविवारी बघायला जाऊ नका, सुट्टी असते.

समोर जी खाडी दिसते तिथे १८१० च्या ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचं नाव कोरलेलं आहे. त्याच वर्षी डिसेंबरात बेट इंग्रजांनी घेतलंच. पण कायदे, जमिनी, भाषा बऱ्याच अंशी फ्रेंच राहू दिल्या, म्हणून आजही दुकानाच्या पाट्या फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी आणि रस्त्यावरचं बोलणं क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली.

मंगळवार : कासवं, मग पाऊस

सकाळी पाण्याजवळच्या पॉइंट जेरोमहून होडीने इल ओ एग्रेतला. किनाऱ्यापासून एक किलोमीटरही नसलेलं, प्रवाळाच्या दगडाचं हे छोटं बेट. मॉरिशसचं मूळ किनारी जंगल कसं होतं ते इथे परत उभं करण्याचं काम वन्यजीव संस्था करते आहे. डच इथे १५९८ मध्ये उतरले. त्यांनी आणि मागून आलेल्यांनी काळ्या लाकडाची एबनीची झाडं तोडली, डोडो संपवला, मोठी कासवं संपवली. कासव गेलं आणि एबनीचं बी खाऊन दुसरीकडे टाकणारं कुणी उरलं नाही. म्हणून आता सेशेल्सकडच्या अल्डाब्राहून आणलेली कासवं सोडली आहेत, मूळच्या कासवांच्या जागी बदली कामगार म्हणून.

आमच्याबरोबरची रेंजर मुलगी विशीतली. तिने एका कासवाच्या मानेखाली खाजवलं तसं ते चारही पायांवर उंच झालं आणि मान लांबवून तसंच उभं राहिलं. आम्हाला मात्र हात लावायची परवानगी नाही, हे तिने आधीच बजावलं होतं. पुढे एका फांदीवर गुलाबी पारवा दिसला. गुलाबी म्हणजे पिटुकल्यांच्या फ्रॉकसारखा नव्हे, धुऊन फिका झालेला गुलाबी. १९९० च्या सुमारास हे जंगलात दहाच्या आसपास उरले होते, आता शेकड्यांत आहेत. मॉरिशसच्या ससाण्याची गोष्ट याहून भयंकर. १९७४ मध्ये जंगलात चार.

तेवढ्यात आत्या ओरडली, "अगं, साळुंकी!" खरंच साळुंकी होती. रेंजर हसली नाही. साळुंक्या आणि बुलबुल भारतातून आणलेले आहेत, आणि इथल्या पाखरांची घरटी, फळं त्या बळकावतात, असं तिने सांगितलं. आत्याला ते लागलं. "आपण पण आणलेलेच की इथे," असं ती होडीत बसल्यावर मराठीत पुटपुटली.

ही सहल आधी फोन करून ठरवावी लागते, पाय पूर्ण झाकणारे बूट घाला, आणि डासांचं मलम विसरू नका.

दुपारी बॅगा घेऊन क्युरपीपची बस पकडली. मॉरिशसच्या बसबद्दल ज्याने त्याने घाबरवलं होतं. काही घाबरण्यासारखं नाही. दारात कंडक्टर असतो, तो जागेवर येऊन तिकीट देतो, भाडं किरकोळ, फक्त मोठी नोट पुढे करू नका. विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक फुकट प्रवास करतात, त्यामुळे अडीच-तीनच्या सुमारास शाळा सुटल्या की बस गच्च भरते. खेड्यांकडच्या गाड्या संध्याकाळी साडेसहा-सातला बंद होतात. बसने फिरायचं तर ही एक गोष्ट पाठ करून ठेवा. मोठ्या ट्रॉली-बॅगा ठेवायला जागा नसते. आम्ही पाठीवरच्या पिशव्या नेल्या होत्या.

वाटेत मोकळ्या झालेल्या उसाच्या रानांतून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसत होते. काही तर देवळाच्या शिखराएवढे उंच, नीट रचलेले. बेट ज्वालामुखीचं आहे, दगड आपल्या सह्याद्रीचाच, बेसाल्ट. ऊस लावण्यासाठी मजुरांनी तो हातांनी वेचून बाजूला केला. आत्याचं सगळं आयुष्य संगमेश्वरकडच्या शेतावर गेलेलं. क्युरपीप येईपर्यंत ती खिडकीला नाक लावून ढीग मोजत होती.

क्युरपीपला पाऊस. बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पासष्ट किलोमीटर, पण मधलं पठार पाचशे-साडेपाचशे मीटर उंच आहे. किनाऱ्यावर ऊन आणि इथे धुकं, पाऊस, बोचरी थंडी असं एकाच तासात होतं. छत्री कायम पिशवीत.

तिथून मेट्रोने कात्र बोर्न. ही मेट्रो म्हणजे रस्त्याच्या पातळीवरून जाणारी ट्राम. राजधानी पोर्ट लुई ते क्युरपीप मार्ग २०२२ मध्ये पूर्ण झाला, भारताच्या मदतीने आणि लार्सन अँड टुब्रोच्या हातून. नवऱ्याने डब्यातल्या सगळ्या पाट्यांचे फोटो काढले. कात्र बोर्नला समुद्र नाही. पण मेट्रो आहे, बाजार आहे, पश्चिम किनाऱ्याला बस आहे, आणि हॉटेलांचे दर किनाऱ्यापेक्षा बरेच खाली.

बुधवार : दुर्वा, घाट आणि आरती

चतुर्थीची सकाळ. कात्र बोर्नच्या भाजीबाजारात आत्या फुलांपाशी थांबली. शेजारी एक बाई जास्वंद निवडत होत्या. त्यांच्या पिशवीतून दुर्वांची जुडी डोकावत होती. आत्याने काहीएक विचार न करता मराठीत विचारलं, "दुर्वा कुठं मिळाल्या हो?"

बाई वळल्या, दोन क्षण थांबल्या आणि शब्द जुळवत म्हणाल्या, "माझ्या घरी अंगणात आहेत. आपण महाराष्ट्रातून आलात का?"

त्या सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात. मॉरिशसच्या शाळांत मुलांना हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, चिनी यांच्याबरोबर मराठीही घेता येते. त्यांचं मराठी पुस्तकातलं, प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारलेलं. आत्याचं संगमेश्वरी, निम्मे शब्द गिळलेलं. तरी पाच मिनिटांत संध्याकाळचं आमंत्रण ठरलं. मी संकोचून काहीतरी पुटपुटले तर आत्या म्हणाली, "गणपतीला आमंत्रण लागतं का? दर्शनाला जायचं असतं."

दुपार पोर्ट लुईमध्ये गेली. मेट्रो जिथे संपते तिथून अप्रवासी घाट चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. प्रवेश फुकट. १८३४ ते १९२० या काळात भारतातून करारावर आणलेले जवळजवळ पाच लाख मजूर इथून बेटावर शिरले. इंग्रजांना गुलामगिरी बंद करायची होती आणि ऊस मात्र चालू ठेवायचा होता, त्यातून निघालेला हा तोडगा. सगळ्यांत जास्त लोक कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि थोडे मुंबईहून. त्या मुंबईच्या जहाजांत आपला कोकण होता, रत्नागिरी, सावंतवाडीकडचा.

बघायला तसं फार काही नाही. काळ्या दगडाच्या थोड्या भिंती, स्वयंपाकघर, आणि बोटीतून उतरल्यावर चढायच्या पायऱ्या. समुद्र आता भर टाकून मागे सरकवलाय, पायऱ्यांपुढून हमरस्ता जातो. शेजारच्या केंद्रात मात्र वेळ काढा. प्रत्येक मजुराला नंबर दिला जायचा. पुढे त्यांचे फोटोही काढले गेले. त्या फोटोंत सगळे समोर बघतात, कुणीच हसत नाही, आणि बायकांच्या डोक्यावरचे पदर आपल्या ओळखीचे आहेत. पलीकडेच जुन्या लष्करी इस्पितळाच्या इमारतीत गुलामगिरीचं नवं संग्रहालय आहे. दोन्ही एका दिवसात करा, एकाशिवाय दुसरं अर्धं राहतं.

मध्यवर्ती बाजारात आलुदा प्यायलो. दूध, सब्जा, अगर-अगरचे तुकडे. बरा आहे, पण एवढं कौतुक का करतात ते कळलं नाही.

संध्याकाळी बाईंच्या घरी. दारात रांगोळी, चपलांचा ढीग, आत पंचवीसेक माणसं. मूर्ती मातीची, हातभर. घरातलं सगळं बोलणं क्रिओलमध्ये, पोरं तर फ्रेंच कार्टूनवरून भांडत होती. आणि मग कुणीतरी टाळ हातात घेतला, आणि आरती सुरू झाली ती थेट आपल्या चालीत. शेजारच्या मुलाच्या हातात वही होती, तिच्यात रोमन अक्षरांत आरत्या लिहिलेल्या. आत्याच्या खड्या आवाजाने दुसऱ्या कडव्यालाच पुढाकार घेतला. पाचवी आरती झाली, सहावी झाली. यजमान थांबायला बघत होते आणि आत्याला अजून आठवत होत्या.

जेवायला पुऱ्या, भोपळ्याची भाजी, शेवयांची खीर, आणि गातो पतात. रताळ्याच्या पिठाची पारी, आत ओलं खोबरं, साखर, वेलची, अर्धचंद्र करून तळलेलं. मोदकही होते, त्यांना कळ्या मात्र पाचच. आत्या काही बोलली नाही, हे मी तिचं मोठेपण मानते.

जेवणं झाल्यावर बाईंनी एका कागदाची प्रत दाखवली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत, तिथून ती मिळवलेली. नंबर, नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. पणजोबांचं पाळण्यातलं नाव हेच आता घराण्याचं आडनाव झालंय, मूळ आडनाव कुणाला माहीत नाही. जिल्हा रत्नागिरी, तालुका राजापूर, इथवर स्पष्ट. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, 'कोंडोली' असं काहीतरी. आत्याने चष्मा पुसला. "कोदवली असणार." नवरा म्हणाला, "आत्या, तुम्ही मधला अनुस्वार बघा. कोंडिवळेही असू शकतं." झालं. रात्री साडेनऊपर्यंत दोघं नकाशावर बोटं फिरवत बसली आणि यजमान मंडळी सामना बघावा तशी बघत होती. निकाल लागला नाही. शेवटी बाईंच्या नवऱ्याने आम्हाला गाडीने सोडलं, कारण बस केव्हाच बंद झाल्या होत्या.

गुरुवार : विसर्जन

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सुट्टी चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी असते. कारण बहुतेकांचा गणपती दीड दिवसाचा, आणि सुट्टी विसर्जनाला हवी.

बाईंचं माहेर कास्कावेलकडचं. पश्चिमेचं हे गाव मराठी वस्तीसाठी ओळखलं जातं. दुपारी रस्त्यावर पोलिसांनी गाड्या अडवलेल्या, फुलांनी सजवलेल्या गाड्यांवर गणपती, पुढे नऊवारीपासून शिफॉनपर्यंत सगळ्या साड्या. एका ट्रकवर कर्ण्यातून हिंदी सिनेमाची गाणी चालू होती, तेव्हा त्याबाबत आपण निश्चिंत असावं. पण त्याच्या मागे मोकळी जागा ठेवून पुरुषांनी रिंगण केलं होतं. पायात घुंगरू, मधे ढोलकी, गाणारा एक आणि ओढणारे बाकीचे. तिथे त्याला झाकरी म्हणतात. एक पाय आपटून, गुडघ्यात वाकून, गिरकी घेऊन परत आत. आत्या रस्त्याच्या कडेला थांबली. "हा आपला जाखडी," ती म्हणाली, आणि कुणाला न विचारता ताल धरून टाळ्या वाजवायला लागली. तिच्या माहेरी वाडीतले पुरुष मुंबईहून सुट्टी काढून गणपतीत हाच नाच नाचायला यायचे. इथल्यांचे पूर्वज मुंबईहून जहाजात चढले त्याला शंभर-दीडशे वर्षं झाली. गाण्याचे शब्द झिजलेत, काही ओळी मला अजिबात कळल्या नाहीत. पाय मात्र तेच.

समुद्रावर एक वेगळीच अडचण दिसली. प्रवाळकड्यामुळे आतलं पाणी इतकं शांत आणि उथळ की मूर्ती बुडवायला चालत, चालत, चालत जावं लागतं. पोरं कमरेइतक्या पाण्यात पोचेपर्यंत काठावरच्यांचा गजर दोनदा दमून परत सुरू झाला. बघणाऱ्यांत आफ्रिकी वंशाची मुलं होती, चिनी आजी-आजोबा होते, उन्हात लाल झालेले युरोपियन होते. प्रसादाच्या रांगेत सगळे.

विसर्जन बघायला जाणार असाल तर बसवर विसंबू नका, सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असतात.

शुक्रवार : नैऋत्य

नैऋत्येची ठिकाणं एका दिवसात बसने जमत नाहीत, म्हणून दिवसभरासाठी टॅक्सी केली. भाडं आणि थांबे आधीच ठरवून, लिहून घेतलेले बरे. चालक काका तमिळ वंशाचे, तमिळ येत नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीत मुरुगनच्या सणाला कावडी घेतात, आणि गाडीत एका इंग्लिश फुटबॉल क्लबचा झेंडा. या देशात कावडी, शिवरात्र, चिनी नववर्ष, उगादी, ईद, गणपती, दिवाळी, नाताळ अशा सगळ्या सुट्ट्या आहेत. "काम कधी करता?" असं नवऱ्याने विचारलं. काका म्हणाले, "आता करतोय ना."

गंगा तलाव हे डोंगरावरचं विवरातलं तळं. तेहेतीस मीटर उंच शंकर धुक्यात गुडघ्यापर्यंतच दिसत होता. महाशिवरात्रीला लाखो लोक इथवर पायी येतात. आम्हाला मोजून सात माणसं आणि बरीच माकडं भेटली. प्रसाद पिशवीत झाकून ठेवा.

शामारेलची सात रंगांची माती म्हणजे कुंपणातला एक लहानसा उघडा माळ. बेसाल्ट झिजून लोहाने तांबडा-तपकिरी आणि ॲल्युमिनियमने निळसर-जांभळा झालेला. त्यावर काही उगवत नाही. "माती बघायला पैसे?" हा आत्याचा प्रश्न मला पूर्ण पटला. धबधबा त्याच तिकिटात आहे, तो छान आहे. ऊन असेल तरच जा, ढगात सातही रंग एकच दिसतात.

दिवसाचं खरं ठिकाण ल मॉर्न. समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा कातळ. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या माथ्यावर, कपारींत लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, ती बातमी सांगायला शिपाई वर चढले, आणि पकडायला आले असं समजून वरच्यांनी उड्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. नवरा पहाटे एकटाच येऊन चढायचं म्हणत होता. पण शेवटचा टप्पा दोरीचा आहे आणि आदल्या रात्री पाऊस झालेला, म्हणून तो बेत टळला. पायथ्याला, पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्याला लागून गुलामांच्या स्मृतीसाठी घडवलेले दगड उभे आहेत. तिथे आम्ही तासभर होतो. समोर पतंगाच्या दोरीला लटकून पाण्यावर सुसाट पळणारी मंडळी.

डॉल्फिनबरोबर पोहण्याची सहल तामारँहून निघते, काकांनीही सुचवली. आम्ही नाही गेलो. दहा-पंधरा होड्या एका कळपामागे लागतात, त्यात बघण्यासारखं काय?

शनिवार आणि निघताना

शनिवारी पाँप्लमूसची बाग. शिडाएवढ्या पानांचा तालिपोत माड आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. तो फुललेला नव्हता. बाग सुंदर, वाटाड्या घेतलात तर पैसे वसूल. उत्तरेचे किनारे आम्ही गाळले, आणि त्याचं वाईट वाटत नाही.

पैशांचं थोडं: मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले जवळजवळ दोन. २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, पण गाडीवर आणि बसमध्ये रोकडच लागते. चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्च, तेव्हाची स्वस्त तिकिटं विचार करून घ्या. शाकाहारी माणसाची कुठेही उपासमार होत नाही. आणि ढोल पुरी सकाळची चांगली, दुपारी दोनला गाड्या रिकाम्या होतात.

रविवारी विमानतळावर आत्याच्या पिशवीत व्हॅनिलाचा चहा, कसाव्याची बिस्किटं आणि त्या नोंदीच्या कागदाचा तिने मागून घेतलेला फोटो होता. परत आल्यापासून तिने राजापूरच्या दोन भाच्यांना कामाला लावलंय. एकाचं म्हणणं कोदवली, दुसरा म्हणतो दोन्ही नाहीत, तिसरंच एक गाव आहे. बाईंचा दर रविवारी फोन येतो.